निक्यो, एक मनगट आणि मॅटवरची थाप: टोकियोतल्या आमच्या आयकिदो क्लासमधलं एक प्रकरण

आमच्या आयकिदोच्या (जपानी मार्शल आर्टच्या) क्लासमध्ये निक्यो हे मनगट पिरगळायचं तंत्र करताना एका मराठी मुलाचं मनगट दुखावलं, आणि ते माझ्या हातून दुखावलं. बरेच महिने झाले त्याला, तो आता छान आहे, पण त्या वेळी नेमकं काय चुकलं हे आम्ही दोघांनी आणि आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, मिळून इतक्यांदा उलगडून बघितलंय की ते लिहून ठेवावंसं वाटलं. नवीन शिकायला जाणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल. त्याला विचारून लिहितेय, नाव मात्र देत नाही, क्लासचंही देत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही टोकियोत निशी-कसाईला राहतो, टोझाई लाइनवर, एदोगावा वॉर्डात. इथे भारतीय इतके का, तर २००० सालच्या आसपास आयटीवाले मोठ्या संख्येने आले आणि ऑफिसला जायला सोयीचं म्हणून इथेच राहिले. त्यात मराठी माणसंही भरपूर. मी ४६ वर्षांची, आयकिदो करायला लागून सात वर्षं झाली. क्लास छोटासा आहे, वॉर्डाच्या व्यायामशाळेतला तातामीवाला (जपानी चटयांचा) हॉल भाड्याने घेतात, मंगळवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी. स्वतःची जागा नाही, त्यामुळे सेन्सेई दर वेळी पिशवीतून ओ-सेन्सेईंचा, म्हणजे आयकिदोच्या संस्थापकांचा, फ्रेम केलेला फोटो आणतात, पुढच्या भिंतीशी ठेवतात, आम्ही झाडू मारतो, ओळीत गुडघ्यांवर बसतो, फोटोला नमस्कार, सेन्सेईंना नमस्कार, आणि सगळे एकदम "ओनेगाईशिमास" म्हणतो, म्हणजे साधारण "कृपा करून शिकवा, सांभाळून घ्या". हा शब्द पुढे प्रत्येक जोडीदाराला पण म्हणायचा असतो. सात वर्षं मी तो म्हणत होते आणि त्यातल्या "सांभाळून घ्या"कडे माझं फारसं लक्ष नव्हतं, हे मला या प्रकरणानंतर कळलं.

हा मुलगा ३४ वर्षांचा, सांगलीकडचा, गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झाली. कॉलेजपर्यंत कबड्डी खेळलेला, डावा कोपरारक्षक, मातीवर. जपानला आल्यावर आठ वर्षं खुर्चीत बसून पाठ धरली, डॉक्टर म्हणाले हालचाल करा, आणि मी म्हटलं चल आमच्याकडे, मारामारी नाही, स्पर्धा नाही, अहिंसक मार्शल आर्ट आहे, तुला आवडेल. "अहिंसक" हा शब्द मीच वापरला होता. तो त्याने साहजिकच असा घेतला की इथे कुणाला लागत नाही.

आता इथे जरा थांबून सांगायला हवं की आयकिदोचं अहिंसक असणं म्हणजे नक्की काय, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आयकिदो सुरू केलं मोरिहेई उएशिबा यांनी, जन्म १८८३चा, वाकायामा प्रांतातल्या तानाबे गावचा. त्यांनी तरुणपणी जे शिकलं ते अजिबात मवाळ नव्हतं. १९१५ साली होक्काइदोमध्ये एन्गारू इथे त्यांना सोकाकू ताकेदा भेटले आणि त्यांच्याकडून ते दाइतो-र्यू जुजुत्सू शिकले, म्हणजे सांधे पिरगळणं, आपटणं, जमिनीवर दाबून ठेवणं. आज आम्ही निक्यो, कोतेगाएशी, शिहोनागे ही जी तंत्रं करतो त्यांची मुळं तिकडचीच. नंतर ओमोतो या धार्मिक पंथाचे ओनिसाबुरो देगुची यांच्या सहवासात उएशिबांची दिशा बदलत गेली, समोरच्याला मोडायचं नाही, त्याचा जोर आपल्यात मिसळून घ्यायचा आणि त्याला सुखरूप खाली ठेवायचं. १९२५ची एक गोष्ट आमच्याकडे नेहमी सांगतात, एक नौदल अधिकारी लाकडी तलवार घेऊन त्यांच्यावर वार करत राहिला, हे नुसते बाजूला होत राहिले, शेवटी तो दमून बसला. आयकिदो हे नाव १९४२ मध्ये रूढ झालं. म्हणजे तंत्र जुनंच राहिलं, हेतू बदलला. सांधा पूर्वीसारखाच पिरगळला जातो, फक्त कुठे थांबायचं ते दोन माणसांनी मिळून ठरवायचं असतं. अहिंसा हातात नसते, ती त्या थांबण्यात असते. आणि हे मी त्या मुलाला सांगितलंच नाही.

अजून एक मुद्दा. आयकिदोत स्पर्धा नसते (एका शाखेत आहे, केंजी तोमिकींनी सुरू केलेली, पण आमचा क्लास मुख्य धारेतला, आयकिकाई या संस्थेचा). स्पर्धा नाही म्हणून सराव जोडीने, आळीपाळीने. एक तोरी, तो तंत्र करतो. दुसरा उके, तो हल्ला करतो आणि मग ते तंत्र स्वतःच्या अंगावर घेतो. उके हा शब्दच मुळी "घेणे" यावरून आलाय. चार वेळा मी, चार वेळा तू. उकेला दुखायला लागलं की तो मोकळ्या हाताने मॅटवर किंवा स्वतःच्या मांडीवर थाप मारतो आणि तोरी लगेच सोडतो. बस, एवढाच करार. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा काय आपणहून पडतोय, नाटक चाललंय, तसं बोलणारे खूप भेटतात आणि त्यांचं थोडं खरंही आहे, संगनमताने पडणारे उके मी पण पाहिलेत. पण नीट केलेलं उकेचं काम हे अर्ध्याहून जास्त आयकिदो आहे असं माझं आता ठाम मत झालंय.

तर घडलं असं. त्याचा तिसराच क्लास होता, शनिवार सकाळ, अकरा जण आलेले. पहिली वीस मिनिटं पडण्याचा सराव. मागे पडताना मागचा पाय आत घेऊन टाचेजवळ बसायचं, हनुवटी छातीला, नजर आपल्या पट्ट्याच्या गाठीवर, हात मागे टेकवायचे नाहीत. पुढे लोळताना हाताच्या करंगळीच्या कडेपासून सुरुवात, मग कोपर, खांदा, आणि पाठीवरून तिरकं विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत. त्याला हे जमत होतं म्हणावं तर जमत होतं, अंग तयार होतं, पण दर वेळी हात आधी जमिनीवर जायचा. कबड्डीत जन्मभर तेच केलेलं, पकडीत सापडलं की हात लांब टाकायचा, बोट मध्यरेषेला लागलं तरी जिंकलो. मला ते दिसलं होतं. मी काही बोलले नाही, वाटलं हळूहळू सुटेल.

मग सेन्सेईंनी निक्यो दाखवलं आणि आम्ही दोघं जोडीला आलो. निक्यो लांबून बघितलं तर काहीच वाटत नाही. त्याने त्याच्या उजव्या हाताने माझं उजवं मनगट धरलं. मी डावा तळवा त्याच्या बोटांवर ठेवून त्याची पकड तिथेच दाबून धरली, म्हणजे आता त्याला सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. मग माझा उजवा हात त्याच्या मनगटाच्या बाहेरून वर फिरवला, तळहाताची कड त्याच्या मनगटावर ठेवली. त्याचं कोपर वाकलेलं, मनगट वाकलेलं, सगळा हात इंग्रजी झेडसारखा. इथून मी फक्त थोडं वाकून त्याच्या बेंबीच्या दिशेने हात खाली आणायचा. जोर नाहीच लागत. नीट लागलं तर समोरच्याचे गुडघे आपोआप दुमडतात, विजेचा झटका बसावा तसं मनगटात काहीतरी होतं. उकेने काय करायचं, तर त्याच दिशेने खाली जायचं, गुडघा टेकायचा, कंबर वळवायची आणि थाप मारायची. उलट जो हात ताठ करून वर ओढेल त्याचं मनगट दोन बाजूंनी चेपलं जाणार.

त्याने हात ताठ केला. आणि माझ्याकडे बघून हसला.

ते हसू मी चुकीचं वाचलं. मला वाटलं लागलंच नाही वाटतं, माझं निक्यो कच्चं पडतंय. दोन महिन्यांवर माझी १ल्या क्यूची (काळ्या पट्ट्याआधीच्या शेवटच्या पायरीची) परीक्षा होती, निक्यो हाच माझा कमजोर विषय, डोक्यात तेच. मी अजून थोडं खाली आणलं. तो अजून ताठला. अजून थोडं, आणि मग एक बारीक आवाज झाला, बोटं मोडल्यावर येतो तसा, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं पण रंग उतरला. सगळं मिळून चार सेकंदसुद्धा झाली नसतील. थाप त्याने मारलीच नाही.

सेन्सेई दोन ढांगांत आले. बर्फ, मग त्यांच्याच गाडीने ऑर्थोपेडिककडे. एक्स-रेत हाड शाबूत होतं, करंगळीच्या बाजूचं लिगामेंट ताणलं गेलेलं. तीन आठवडे स्प्लिंट, त्यानंतरही काही आठवडे वजन उचलायचं नाही. क्लासमध्ये नाव घालताना सगळ्यांचा स्पोर्ट इन्शुरन्स काढतात, तो त्याचाही काढलेला होता, त्यामुळे खर्चाचा प्रश्न आला नाही. त्याच्या बायकोला फोन मी केला. "ताई, तुमच्याबरोबर गेलाय म्हणून मी निर्धास्त होते हो," एवढंच ती म्हणाली, रागावली पण नाही, आणि ते जास्त लागलं मला.

मग त्याच्याशी बोलले तेव्हा तीन गोष्टी पुढे आल्या ज्यांची मला कल्पनाच नव्हती. पहिली, त्याला थाप मारणं म्हणजे हरणं वाटत होतं. आणि त्याला तसं वाटायला कारण होतं! पहिल्या दिवशी कुणीतरी त्याला सांगितलं होतं की थापेऐवजी तोंडाने "माईत्ता" म्हटलं तरी चालतं. माईत्ताचा सरळ अर्थ "हरलो". जपानी लोक तो शब्द इतक्या सहज वापरतात की त्यातलं हरणं त्यांना ऐकू येत नाही, पण परभाषेतून शिकणाऱ्याला शब्दशः अर्थच आधी येतो. ज्या पोराने सात जणांच्या पकडीतून दम संपेपर्यंत रेषेकडे सरकायचं एवढंच वर्षानुवर्षं अंगात मुरवलंय त्याला "हरलो म्हण" सांगितल्यावर तो काय म्हणणार. वर समोर मी, बाई, त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, ताई. ते त्याने स्वतःच सांगितलं, खाली मान घालून.

दुसरी गोष्ट, सेन्सेई त्याला दोनदा "मुरी शिनाईदे" म्हणाले होते, जबरदस्ती करू नको, ताण घेऊ नको. त्याने ते ऐकलं होतं. पण ऑफिसमध्ये हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं, रात्री दहाला काम करत बसलेल्या माणसालासुद्धा लोक जाता जाता "मुरी शिनाईदे कुदासाई" म्हणून जातात, ते नुसतं सौजन्य असतं, कुणी त्यावरून काम थांबवत नाही. इथे मात्र ती अक्षरशः सूचना होती.

तिसरी गोष्ट, सिनियर कोण ते त्याला कळतच नव्हतं. आमच्याकडे काळा पट्टा मिळेपर्यंत सगळ्यांचे पट्टे पांढरेच. त्याला वाटत होतं की मी जोर लावतेय म्हणजे मला ठाऊक असेल कुठे थांबायचं.

आणि मला ठाऊक नव्हतं. हा या प्रकरणातला माझा भाग आहे आणि तो मोठा आहे. पुढच्या मंगळवारी क्लास संपल्यावर सेन्सेईंनी मला बसवून घेतलं. ओरडले नाहीत. एकच प्रश्न विचारला, त्याचे गुडघे कधी थांबले? मला सांगता येईना, कारण मी गुडघ्यांकडे बघितलंच नव्हतं, मी माझ्या हाताकडे बघत होते. ते म्हणाले, उके खाली येतोय तोपर्यंत तू त्याला नेतेयस, तो थांबला आणि तू चालू राहिलीस की तू त्याला मोडतेयस, मग जोर कितीही कमी असो. थाप ही उकेची जबाबदारी, पण ज्याला अजून थाप मारता येत नाही त्याच्या वतीने तोरीने थांबायचं. परीक्षा पुढे ढकलली. पुढचे दोन महिने मी बहुतेक वेळ उकेच राहिले. सगळ्यांचं निक्यो अंगावर घेतलं, ज्यांचं मऊ होतं त्यांचं आणि ज्यांचं धसमुसळं होतं त्यांचंही. तेव्हा पहिल्यांदा कळलं की चांगल्या तोरीच्या हातात असताना आपल्याला थाप मारायला भरपूर वेळ मिळतो, तो दुखायच्या जागेच्या अलीकडे येऊन थांबून वाट बघत असतो.

तो मुलगा पुन्हा येईल असं मला वाटलं नव्हतं. पण दुसऱ्याच शनिवारी हाताला स्प्लिंट लावून आला. जपानी बुदोमध्ये (मार्शल आर्टमध्ये) "मितोरी-गेइको" असा प्रकार आहे, आजारी किंवा जखमी असाल तर मॅटच्या कडेला बसून बघायचं, आणि तोही सरावच धरतात. तो चार आठवडे कडेला बसला. पाठ दुखायची म्हणून भिंतीला टेकायची परवानगी मागून घेतली होती. मला वाटलं कंटाळेल. एक दिवस घरी जाताना ट्रेनमध्ये म्हणाला, "ताई, मी आज मोजलं. सेन्सेईंनी स्वतः उके होऊन अकरा वेळा थाप मारली. तुम्ही सात. त्या कॉलेजच्या पोराने एकदा." मी पण इतक्या वर्षांत हे मोजलं नव्हतं. वर म्हणाला, "आणि सेन्सेई लवकर मारतात. दुखायच्या आधीच. त्यांना कळतं कुठं चाललंय ते." जो सगळ्यात जास्त जाणकार तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा थाप मारतोय, हे त्याचं त्यानेच कडेला बसून शोधलं. मी शंभर वेळा सांगितलं असतं तरी बसलं नसतं.

साधारण दहा आठवड्यांनी तो मॅटवर परत आला. महिनाभर सेन्सेईंनी त्याला जोडीत पाठवलंच नाही, फक्त पडणं. हात जमिनीवर टाकायची सवय मोडायला त्यांनी त्याच्या दोन्ही हातांत दुमडलेला पट्टा दिला आणि तो छातीशी धरून मागे पडायला लावलं, हात मोकळेच नाहीत म्हटल्यावर टेकवणार कसे. सुरुवातीला पोत्यासारखा पडायचा. तिसऱ्या आठवड्यात एकदा असा पडला की आवाजच आला नाही, तो स्वतःच उठून मागे वळून बघायला लागला जणू दुसरंच कुणी पडलं. आणि हो, सेन्सेईंनी त्याच्यापुरता "माईत्ता" शब्द बंद केला. फक्त थाप, तीही ऐकू येईल अशी.

मग निक्यो. त्यानेच माझ्यासमोर येऊन वाकून "ओनेगाईशिमास" म्हटलं. माझे हात गार पडले होते, खरं सांगते. त्याने मनगट धरलं, मी तळवा ठेवला, हात फिरवला, आणि या वेळी त्याच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. डावा गुडघा दुमडला, मग उजवा, कंबर वळली, आणि मांडीवर खाडकन थाप. माझं निक्यो तेव्हा अर्धंसुद्धा झालेलं नव्हतं. मी सोडलं. मग आम्ही बदललो, आणि इथे एक असं झालं ज्याचा मी विचारच केला नव्हता. त्याचा हात नवशिक्याचा, अडखळणारा, तळव्याची जागा पण चुकलेली, पण तो बरोबर थांबला, जिथे मला थाप मारायची होती तिथेच, माझा हात उठायच्याही आधी. कसं कळलं विचारलं तर म्हणाला, "ताई, तुमची टाच उचलली ना." कोपरारक्षक चढाई करणाऱ्याच्या पायाकडे बघतो, वजन कुठल्या पायावर आहे, कुठला पाय आता सुटणार, त्यावरच पकड ठरते. इतकी वर्षं डोळ्यांना तीच सवय. जी कबड्डी त्याला हात ताठ करायला लावत होती तीच इथे त्याला समोरच्याचा तोल वाचून देत होती, आणि आम्ही सगळे आपले ती सवय घालवायच्या मागे लागलो होतो.

आता कुणी विचारलं की आपल्या जवळच्या क्लासला जाऊ का, तर मी आधी एक क्लास नुसता कडेला बसून बघायला सांगते. जपानमध्ये याला केनगाकू म्हणतात आणि कुठलाही बरा क्लास त्याला नाही म्हणत नाही. बघताना सेन्सेई किती भारी फेकतात ते बघू नका, नवीन माणसाबरोबर जुने लोक कसे वागतात आणि जुने लोक स्वतः थाप मारतात का ते बघा. पडणं वेगळं शिकवतात का ते विचारा, इन्शुरन्सचं विचारा. आणि मनगट, गुडघा, पाठ, जे काही जुनं दुखणं असेल ते पहिल्या दिवशी सांगून टाका, लाजू नका.

५व्या क्यूच्या, म्हणजे अगदी पहिल्या पायरीच्या, परीक्षेला आयकिकाईच्या नियमाने किमान ३० दिवसांचा सराव लागतो. त्याचे मधले दिवस गेल्यामुळे बाकीच्यांपेक्षा बऱ्याच उशिरा बसला. तंत्रं होती शोमेनउची इक्क्यो, शिहोनागे, इरिमीनागे आणि शेवटी गुडघ्यांवर बसून कोक्यूहो. उके मी होते. इरिमीनागेला त्याचा पाय चुकला, घाबरला, पण थांबून परत केलं, पास झाला. मनगट थंडीत अजून कधी कधी धरतं, तेव्हा टेप लावून येतो.

परवा एक नवीन कॉलेजचा मुलगा आला, चांगला उंचापुरा, रग्बी खेळणारा. सेन्सेईंनी त्याला याच्याकडे दिलं. मी शेजारच्या जोडीत होते. निक्यो वगैरे काही नाही, याने त्याला समोर बसवलं, स्वतःच्या मांडीवर तीनदा थाप मारून दाखवली आणि मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाला, आता तू मार, नाही, अजून जोरात, मला ऐकू आली पाहिजे.